जेली, गरे आणि काचेच्या बाटल्या: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (महाबळेश्वर): ताई, पेरूची जेली करायला घेतली, कृतीत १०५ डिग्री आलं की गॅस बंद करा असं दिलंय म्हणून मुद्दाम थर्मामीटर आणला, तरी जेली चिक्कीसारखी कडक झाली आणि बाटलीतून निघेना. थर्मामीटर खराब आहे का?

उत्तर: थर्मामीटर ठीक असणार हो, आकडा तुमच्या गावचा नाहीये. १०५ हा समुद्रसपाटीचा आकडा, मुंबई-रत्नागिरीला चालतो, पण महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि तिथे साधं पाणीच ९५-९६ डिग्रीला उकळतं. जेली जमते ती पाण्याच्या उकळीच्या साडेचार डिग्री वर, म्हणजे तुमच्याकडे १०० ला गॅस बंद व्हायला हवा होता, पुढच्या पाच डिग्रीत पाणी उडत गेलं आणि साखरेचा पाक पक्का झाला. पुण्यातल्या मंडळींनीही हे लक्षात ठेवा, तिथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. सोपं म्हणजे जेलीच्या दिवशी आधी पातेल्यात नुसतं पाणी उकळा, थर्मामीटर काय दाखवतो ते लिहून ठेवा, त्यात साडेचार मिळवा, झालं. आणि फ्रीझरमध्ये बशी ठेवून तिच्यावर थेंब टाकायचा, मिनिटभराने बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की जेली तयार, ही जुनी परीक्षा मला आजही थर्मामीटरइतकीच भरवशाची वाटते.

पेरू मात्र अर्धे कच्चे घ्या, अगदी पिवळे पिकलेले घेतले तर वास छान येतो पण पेक्टिन, म्हणजे फळातला जेली घट्ट धरणारा पदार्थ, कमी पडतं. साल-बियांसकट चिरून बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास शिजवायचे, मऊ कापडात बांधून रात्रभर टांगायचे आणि पुरचुंडी पिळायची नाही, पिळली की जेली गढूळ होते. लिटरभर रसाला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबांचा रस. लिंबू चवीसाठी आहे असं समजून बरेच जण गाळतात, पण आंबटाशिवाय पेक्टिन धरतच नाही, मग कितीही आटवा.

प्रश्न (चिपळूण): करवंदांची जेली कशी करायची? चीक फार असतो म्हणून हिंमत होत नाही. अजून कुठल्या वेगळ्या फळांची होते?

उत्तर: बिनधास्त करा, आपल्याकडच्या फळांत जेलीला करवंदासारखं फळ शोधून सापडणार नाही. आंबटपणाही आहे, पेक्टिनही आहे, आणि रंग असा की बाटली उजेडात धरून बघत बसावं. काळी पिकलेली आणि लालसर, अजून कच्चट अशी दोन्ही मिसळून घ्या, काळ्यांनी रंग-चव येते आणि कच्चट करवंदं जेली घट्ट धरतात. हाताला तेल लावून देठं काढा, दोन-तीन पाण्यांतून धुवा, बराचसा चीक तिथेच जातो, उरलेला शिजताना फेसाबरोबर वर येतो तो झाऱ्याने काढत राहा. पातेलं स्टीलचंच घ्या, ॲल्युमिनियम किंवा बिनकल्हईच्या पितळेत एवढं आंबट शिजवू नका.

दुसरं कवठ. महाशिवरात्रीच्या सुमाराला बाजारात येतं, आपण गूळ घालून चटणी करतो आणि थांबतो, पण कवठाची जेली मधाच्या रंगाची होते आणि जमायला अजिबात कुरकुर करत नाही. जांभळाला आणि स्ट्रॉबेरीला मात्र मदत लागते, त्यात कच्चा पेरू नाहीतर लिंबाच्या बिया आणि आतली पांढरी साल पुरचुंडीत बांधून शिजवायची. रसात पेक्टिन किती आहे ते बघायचं असेल तर गार झालेल्या एक चमचा रसात दोन चमचे स्पिरिट घालून हलकं हलवा, एकसंध गोळा झाला तर भरपूर, रसाइतकीच साखर चालेल, तुटके तुकडे झाले तर साखर पाऊणपट किंवा अर्धीच घाला. स्पिरिट विषारी असतं, तो नमुना चाखायचा नाही, लगेच टाकून द्या.

प्रश्न (नाशिक): आम्ही दरवर्षी हापूसचा रस बाटल्यांत भरून उकळून ठेवतो, वर्षभर टिकतो. यंदा मुलीला अमेरिकेला न्यायला फणसाचे गरे तसेच बिनसाखरेचे भरले तर चालतील ना?

उत्तर: नाही चालणार, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय. रस टिकतो कारण तो आंबट आहे. हवाबंद बाटलीत बोट्युलिनमचे जंतू वाढू नयेत म्हणून पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट), ४.६ च्या खाली लागतो, कारण या जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना १२१ डिग्रीची प्रेशरची उष्णता लागते. आंबट पदार्थात ते जिवंत राहिले तरी वाढू शकत नाहीत, गऱ्यांत आंबटपणा फार कमी असतो तिथे वाढतात. त्यांचं विष नसांवर जातं, जीव जाऊ शकतो, आणि दरवेळी झाकण फुगेल किंवा वास येईल असंही नाही. घरच्या कुकरमध्ये बाटलीच्या मधोमध किती उष्णता पोचली हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे तो प्रयोगही नको. काप्या (कडक गऱ्यांच्या) फणसाचे गरे बिया काढून फ्रीझरला टाका, मुलगी आली की इथेच खाईल, आणि न्यायला बरक्या (मऊ, रसाळ गऱ्यांच्या) फणसाची फणसपोळी करून द्या, कडक उन्हात नीट वाळलेली, ती काही न करता टिकते.

रसाबद्दलही एक. आंबा जास्त पिकला की आंबटपणा उतरतो, म्हणून किलोभर रसाला साधारण ५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालाच, चव फारशी बदलत नाही. उकळता रस गरम बाटलीत भरा, वर बोटभर जागा सोडा, झाकण लावून बाटली पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात अर्धा तास उकळा, खाली फडकं घाला म्हणजे काच तडकत नाही.

प्रश्न (डोंबिवली): टिकण्यासाठी केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) घालू की सोडियम बेंझोएट? आणि डायबेटिससाठी साखर अर्धी केली तर?

उत्तर: जॅम-जेलीत साखर ६५ टक्क्यांच्या पुढे गेली की दोन्हीची गरज नाही. सरबतं, स्क्वॅशला लागतं, तिथे कोकम, करवंद, जांभूळ अशा लाल-जांभळ्या फळांना बेंझोएट, कारण केएमएसने रंग उडतो, आणि घरात कुणाला दमा असेल तर केएमएस टाळाच. अर्ध्या साखरेची जेली जमत नाही आणि बुरशी लवकर धरते, त्यापेक्षा फळ नुसतं शिजवून थोडं थोडं करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. बाटली उलटी ठेवली की सील होते म्हणतात त्यावर विसंबू नका, झाकणं दरवर्षी नवीन घ्या, लोणच्याच्या बाटलीचं जुनं झाकण धुतलं तरी मसाल्याचा वास सोडत नाही आणि तो पहिल्यांदा जेलीलाच लागतो.