आउटफिल्डरचा कोच झाला की त्याच्या वाट्याला नेमकं काय काम येतं?

तुम्ही विचारलंय की बेसबॉलमधला आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागातला क्षेत्ररक्षक) निवृत्तीनंतर कोच झाला की फलंदाजी शिकवतो की क्षेत्ररक्षण. पुष्कळदा त्याची सुरुवात पहिल्या बेसजवळच्या चौकटीत होते, हातात स्टॉपवॉच घेऊन. बेस-रनिंग आणि आउटफिल्डचा सराव, दोन्ही त्याच्याकडे येतात. चोख उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीगमधला माजी आउटफिल्डर डेव्ह रॉबर्ट्स.

१९९४च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत) हा थेट २८व्या फेरीत निवडला गेला. १० मोसमांत होम रन (साधारण आपल्या षटकारासारखे फटके) फक्त २३, पण चोरलेले बेस, म्हणजे फटका न लागताच धावून गाठलेले पुढचे बेस, २४३. म्हणजे सगळी कमाई पायांची आणि नजरेची. बेस चोरण्यातले बारकावे त्याने मॉरी विल्सकडून घेतले. विल्सने १९६२मध्ये एकाच मोसमात १०४ बेस चोरले होते.

चोरीचं गणित असं. पिचरची (बॉल टाकणाऱ्याची) हालचाल सुरू झाल्यापासून बॉल कॅचरच्या (फलंदाजामागे बसणाऱ्याच्या) ग्लव्हमध्ये पडेपर्यंत साधारण १.३ सेकंद. तिथून दुसऱ्या बेसपर्यंत थ्रो पोचायला २ सेकंद. एकूण ३.३. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, त्यातले १२-एक फूट धावपटू आधीच लीड घेऊन, म्हणजे बेस सोडून पुढे सरकून, खातो, आणि उरलेल्याला चांगल्या धावपटूला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे कोच प्रत्येक पिचरची वेळ मोजून ठेवतो: १.५ असेल तर पळ, १.२ असेल तर गप्प उभा राहा. नवखे खेळाडू फसतात ते वेगामुळे नाही. लीड घेताना त्यांचं वजन आधीच दुसऱ्या बेसकडे झुकलेलं असतं, मग पिचरने पहिल्या बेसवर बॉल फेकला की परत फिरता येत नाही.

१७ ऑक्टोबर २००४, फेनवे पार्क. रेड सॉक्सविरुद्धच्या मालिकेत यँकीज ३-० पुढे, चौथ्या सामन्यात नवव्या डावात ४-३ पुढे. रेड सॉक्सच्या केव्हिन मिलरला वॉक (चार चुकीच्या पिचमुळे फुकट पहिला बेस) मिळाला आणि त्याच्या जागी पळायला संघाने रॉबर्ट्सला उतरवलं. यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेराने त्याला अडकवायला तीनदा पहिल्या बेसवर बॉल फेकला. पुढच्याच पिचवर हा सुटला आणि केसभर फरकाने सेफ ठरला. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी (होम प्लेटवर) आला, बरोबरी झाली. (२०२३पासूनच्या नियमात पहिल्या बेसवर असा बॉल फेकण्याचा तिसरा प्रयत्न फसला की बॉक, म्हणजे पिचरची चूक. आज असता तर दुसरा बेस आयता मिळाला असता!)

२०११ ते २०१३ तो पाद्रेज संघाचा पहिल्या बेसचा कोच होता. या चौकटीत हेल्मेट सक्तीचं आहे; २००७मध्ये मायनर लीगमध्ये माइक कूलबॉ या कोचचा फाउल बॉल लागून मृत्यू झाला, त्यानंतरचा हा नियम.

तिसऱ्या बेसचं काम माझ्या मते जास्त जोखमीचं. धावपटूला घरी पाठवायचं की थांबवायचं, हे एका क्षणात ठरवायचं असतं. आउटफिल्डर बॉलकडे कुठल्या कोनातून येतोय, उचलताना तोल सांभाळलाय का, हे स्वतः तिथे खेळलेल्याला पटकन दिसतं. रॉबर्ट्स मात्र त्या वाटेने गेला नाही. दोन वर्षं तो मॅनेजरशेजारी बसणारा बेंच कोच होता, मग २०१६च्या मोसमापासून डॉजर्सचा मॅनेजर. २०२०, २०२४ आणि २०२५ची वर्ल्ड सिरीज त्याच्याच हाताखाली जिंकली.

पुढचा सामना बघताना बेसवर धावपटू असेल तेव्हा पहिल्या बेसच्या कोचच्या मुठीकडे बघा. पिचरने पाय उचलताच त्याचा अंगठा स्टॉपवॉचवर दाबला जातो.