दंगलीत गोळी झाडायचा हुकूम आला आणि मन नाही म्हणालं, तर जवानाने काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकटा भाऊ भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळतो आणि आई म्हणते, उद्या आपल्याच माणसांवर गोळी झाडायला सांगितली तर हा काय करेल? खाली तुम्ही लिहिलंय, "हुकूम म्हणजे हुकूम, तिथे मनाचं काय काम?"

मी चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यातला. 1984 ला पायदळात गेलो, 2001 ला हवालदार म्हणून घरी आलो. आता चार एकर धान, बांधाला थोडी तूर, आणि सकाळी गावातली पोट्टी पळवतो. त्यांच्यातलंही एखादं अधूनमधून हेच विचारतं.

कायद्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 41 हुकूम मोडण्याबद्दल आहे. मुद्दाम, वरिष्ठाला न जुमानता मोडला तर 14 वर्षांपर्यंत कैद. पण त्यात नुसता 'हुकूम' असा शब्द नाही, 'कायदेशीर हुकूम' असा आहे. जमाव पांगवायला फौज बोलावली तर जवानाला संरक्षण मिळतं, तेही जो हुकूम पाळायला तो बांधलेला होता तेवढ्यापुरतंच. जुन्या दंड संहितेत, आणि 2024 पासून न्याय संहितेतही, एक उदाहरणच दिलंय: सैनिकाने कायद्याच्या आज्ञेला धरून वरिष्ठाच्या हुकमाने जमावावर गोळी झाडली तर तो गुन्हा नाही. 'कायद्याच्या आज्ञेला धरून' हे तीन शब्द काढले की सगळा आधार गेला. 2011 मध्ये मुंबईतल्या एका बनावट चकमकीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पोलिसांना हेच ऐकवलं: वरून सांगितलं होतं ही सबब चालणार नाही, असा हुकूम आला तर नाही म्हणणं हे तुमचं कर्तव्य आहे. मेरठच्या हाशिमपुऱ्यात 1987 साली सशस्त्र पोलीस दलाच्या जवानांनी माणसं ट्रकमध्ये भरून नेली आणि कालव्याच्या काठी मारली. दिल्ली हायकोर्टाने 16 जणांना जन्मठेप दिली ती 2018 ला. मधल्या 31 वर्षांत ती माणसं नोकरी करून म्हातारी झाली होती.

मग तुमचा भाऊ म्हणेल, गल्लीत दगड येत असताना हुकूम कायदेशीर आहे की नाही हे मी कसं ओळखू? माझा अनुभव असा की हुकूम ओळखायला फार शहाणपण लागत नाही. त्याला एक रूप असतं.

1992 च्या डिसेंबरात आमची कंपनी उत्तरेतल्या एका शहरात होती. शहराचं नाव घेत नाही. सोबत मॅजिस्ट्रेट असायचा, त्याच्याजवळ छापील कागद. 'माझ्या हातातली ताकद संपली, आता जमाव पांगवा' असं त्याने लेखी द्यायचं आणि सही करायची. तिथे त्याचं काम संपतं. जमाव कसा पांगवायचा, गोळी झाडायची की नुसतं पुढे सरकायचं, हे आमचा अधिकारी ठरवतो. मॅजिस्ट्रेटने "फायर करा" म्हटलं तरी आम्ही करणार नाही. आणि अधिकाऱ्यावर कायद्याचं बंधन असतं की कमीत कमी बळ वापरायचं. मग बिगुल, मग भोंग्यावर इशारा, कापडी फलक, रस्त्यावर पांढरी फीत. एक जवान फक्त वही धरून उभा: किती वाजले, कोण काय बोललं. एवढं झाल्यावरही सगळी तुकडी गोळी झाडत नाही. एका जवानाला नावाने सांगतात: अमका, एक राउंड, तो पेटता बोळा हातात असलेला, गुडघ्याखाली. हवेत झाडायची नाही, कारण वर खिडकीत कोणाचं तरी लेकरू उभं असतं. शेवटी गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या आणि वहीत लिहायच्या.

आता 13 एप्रिल 1919 आठवा. जालियनवाला बागेत इशारा दिला नाही, फीत आखली नाही. 50 बंदुका, सुमारे दहा मिनिटं, 1650 राउंड. बंदुका धरणारे आपल्याकडचेच, त्यात गुरखेही होते. तिथे उभ्या जवानाला कलमं माहीत असायची गरज नव्हती. माणसं भिंतीवर चढून पळतायत आणि साहेब तिकडेच नेम धरायला सांगतोय, एवढं दिसत होतं.

त्याच्या उलट गोष्ट पेशावरची. 23 एप्रिल 1930, किस्साखानी बाजार. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या जवानांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. कोर्ट मार्शल झालं, जन्मठेप झाली, अकरा वर्षं तुरुंगात गेली. आमच्या वेळी बराकीत हे नाव हळू आवाजात घेतलं जायचं, म्हणजे आदराने, पण कोणी ऐकणार नाही असं.

तुम्हाला वाटेल गांधीजींनी गढवालींना डोक्यावर घेतलं असेल. घेतलं नाही. 1932 साली छापून आलेल्या एका मुलाखतीत त्यांनी फ्रेंच पत्रकाराला सांगितलं की हुकूम मोडणारा सैनिक शपथ मोडतो. उद्या स्वराज्यात मलाही याच लोकांकडून काम घ्यायचंय, आज मोडायला शिकवलं तर ते उद्याही मोडतील. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता. आमच्याकडून सेवाग्राम काही लांब नाही, वाटलं जाऊन भांडावं. पण 1992 ला एक गोष्ट घडली आणि मला त्यांचं म्हणणं थोडं कळलं.

एका चौकात जमाव दुकानं जाळत होता. माझ्या शेजारचा जवान पुटपुटला, "यार, ये तो अपने ही हैं." तोही मनाचंच ऐकत होता ना? त्याच्या मनाला वाटत होतं की या लोकांवर गोळी झाडू नये. आणि समोरच्या पेटत्या दुकानाच्या माळ्यावर जे अडकले होते ते त्याच्या हिशोबात 'अपने' नव्हते. तुमच्या प्रश्नात 'आपल्याच माणसांवर' हा शब्द आहे, म्हणून हे सांगतो. मन चांगलंच सांगेल याची खात्री कोणी दिलीय? वीस जवान, वीस मनं, आणि प्रत्येकाचे आपले वेगळे. मग तो वर्दी घातलेला दुसरा जमाव झाला. त्या दिवशी हुकूम होता म्हणून आम्ही सगळ्यांसाठी सारखे राहिलो.

गोळी मीच झाडली. मेजरसाहेबांनी माझं नाव घेतलं, माणूस दाखवला, एक राउंड. लागली पिंडरीला. जमाव फुटला, माळ्यावरची माणसं उतरवली, त्यात दोन बाया आणि एक म्हातारा. त्या माणसाला आमच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. त्याची एक चप्पल रस्त्यावर राहिली, निळ्या पट्ट्याची, ती मी रात्रभर पाहत होतो. हुकूम कायदेशीर, गोळी बरोबर, कागद पक्का. तरी झोप आली नाही. ती येऊच नये असं मला आजही वाटतं.

पण ज्याच्याबद्दल तुम्ही विचारायला हवं ते वेगळंच आहे. जो हुकूम मोडायचा असतो तो हुकमाच्या रूपात येतच नाही. तो डोळ्याने येतो, खांद्यावर हात ठेवून येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथला एक वजनदार माणूस, पद सांगत नाही, आमच्या सुभेदारसाहेबांजवळ आला. चहा पाठवला होता त्यानेच. म्हणाला, त्या मागच्या मोहल्ल्यात तासभर जाऊ नका, जवानही थकलेत, आराम करू द्या. एवढंच. मारा नाही, जाळा नाही, फक्त तासभर आराम. सुभेदारसाहेब आठवी शिकलेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "लिख के दे दो साब." तो हसला. साहेबांनी वहीवाल्या जवानाला हाक मारली, "लिख, साढ़े छह बजे, इनका नाम पूछ." माणूस नाव न सांगता निघून गेला. पाच मिनिटांत आम्ही त्या मोहल्ल्यात फ्लॅग मार्च काढला. तिथे त्या रात्री काही झालं नाही, म्हणून ते कुठल्या पेपरात आलं नाही.

भावाला पाठ करायला एखादं वाक्य द्यायचं असेल तर हे द्या. लिहून द्या. शिपायाने वरच्याला असं तोंडावर म्हणता येत नाही हे मला माहीत आहे. पण "साब, फिर से बोलिए" तर म्हणता येतं, चार जणांसमोर, मोठ्याने. वाईट काम सांगणाऱ्याला दुसऱ्यांदा सांगायला फार जड जातं.

आमच्या चिमूरलाही असंच झालं असणार. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीने आधीच गाव तापलेलं. मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळीबार केला, पोरं मेली. मग लोकांचाही तोल गेला आणि सरकारी अधिकारी मारले गेले. तेही आपण लपवू नये. तीन दिवसांनी फौज आली. पुरुषांना बांधून नेलं, घरं लुटली, बायांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमातल्या भणसाळींनी 63 दिवस उपोषण केलं. फौज पाठवायचा कागद कुठेतरी असेल. बायांवर हात टाका असा कागद कोणी काढला असेल असं मला नाही वाटत. कोणीतरी पाठ फिरवली असेल, आराम करू द्या म्हटलं असेल.

आणि त्याच्या आठच दिवस आधी, 8 ऑगस्टला मुंबईत, त्याच गांधीजींनी सैनिकांना वेगळंच सांगितलं होतं. नोकरी सोडू नका. सरकारला सांगा की पगार घेतोय तोवर न्याय्य हुकूम पाळू, पण आपल्या लोकांवर गोळी झाडणार नाही. दहा वर्षांत ते बदलले की काय यावर विद्वान वाद घालोत. मला त्यातलं 'सांगा' महत्त्वाचं वाटतं. आधी सांगा. गल्लीत बंदूक रोखल्यावर नाही, बराकीत, डोकं थंड असताना.

हे फक्त बंदुकीचंही नाही. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपुरात विधानभवनावर गेलेल्या गोवारींच्या मोर्चात 114 माणसं मेली, लाठीमार आणि चेंगराचेंगरीत. खेड्यापाड्यातून गेलेले गुराखी, पुष्कळशा बाया, लेकरं. मी तेव्हा सीमेवर होतो, घरच्या पत्रातून कळलं.

आता जे कोणाला फारसं सांगितलं नाही ते. त्याच 1992 च्या शहरात, तिसऱ्या दिवशी, कर्फ्यूत एक पोरगा सापडला. सोळा-सतरा वर्षांचा. हातात दुधाची किटली. खरंच दूध आणायला निघाला होता की नाही, माहीत नाही. पोलिसांच्या ताब्यात द्यायचा आणि वहीत लिहायचं, एवढंच काम होतं. वहीवाला जवान जेवायला गेला होता. कोणीतरी मागून म्हणालं, "दोन ठेव त्याला." कोण बोललं तेही आठवत नाही. मी ठेवल्या. दोन नाही, चार. किटली उलटली. दूध होतं.

मला कोणी हुकूम दिला नव्हता. नाही म्हटलं असतं तर कोणी कोर्ट मार्शल केलं नसतं, फार तर हसले असते. जी गोळी मी हुकमाने झाडली तिचा हिशोब वहीत आहे. या चार दांड्यांचा कुठेच नाही.

तुमच्या आईला आमच्या आजीचं सांगा. चिमूरला फौज आली तेव्हा ती अकरा वर्षांची. शेजारच्या गावी धानाच्या बांधीत चिखलात रात्रभर पडून होती, मायच्या कुशीत. 1985 ला मी पहिल्या सुट्टीवर वर्दीतच घरी आलो, मोठ्या ऐटीत. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मला पाहिलं आणि सूप तिथेच टाकून आत गेली. आईने समजावलं, "अवो, नातू हाय तुमचा." तरी ती दाराआडूनच बोलली, "तुले बी सांगतील तं तू बी घुसशील का रे कोनाच्या घरात?"

मी हसलो होतो. नाही गं आजी, आता आपलं राज्य आहे, म्हणालो. 1993 च्या फेब्रुवारीत सुट्टी मिळाली तेव्हा ती होती अजून, डोळ्याने कमी दिसायचं. मी वरोऱ्याला उतरलो, एसटी स्टँडवरच्या नळावर तोंड धुतलं, वर्दी काढून पेटीत घातली, आणि साध्या सदऱ्यात चिमूरच्या गाडीत बसलो.