भिंतीवरचे दोन कोळी

नागपूर

प्रिय छोट्या दोस्ता,

तुझे दोन्ही फोटो मिळाले. कंपाउंडच्या त्याच भिंतीवर एक कोळी पोटाच्या दोन्ही कडांना काळे पट्टे असलेला, तर दुसऱ्याच्या पोटाच्या मधोमध एकच गडद पट्टा. तू त्यांना दोन वेगळ्या जाती ठरवलंस. मला तर ही जोडी वाटते, मेनेमेरस बायव्हिटाटस या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या एकाच जातीची. कडांना पट्टे असलेली मादी, मधला पट्टा असलेला नर.

रंगावरून जात ठरवायची घाई सगळेच करतात, आणि उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या बाबतीत तीच घाई सगळ्यात जास्त फसवते. साल्टिसिडी हे त्यांचं कुळ, 6000 हून अधिक जातींचं. नर एक दिसतो, मादी दुसरी, पिल्लं आणखी तिसरीच. म्हणून आधी अंगाची ठेवण बघ. तुझे दोन्ही कोळी वरून दाबल्यासारखे चपटे आहेत, अंगावर आखूड करडी-पांढुरकी लव आहे, आणि दोघंही उघड्या, उन्हाच्या भिंतीवर बसलेत. पट्टे वेगळे असले तरी या तिन्ही गोष्टी दोघांत सारख्या आहेत.

आता कॅमेरा खाली ठेव आणि सकाळचं ऊन भिंतीवर आलं की तिथे नुसता उभा राहा. मे महिन्यात मात्र लवकर जा, आपल्याकडची भिंत नऊ-दहालाच हात लावू देत नाही. माशी येऊन बसली की कोळी आधी अख्खं तोंड तिच्याकडे वळवतो. मग चार पावलं चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. उडी घेण्याआधी भिंतीला रेशमाचा धागा चिकटवतो, त्यामुळे नेम चुकला तरी खाली पडत नाही, धाग्याला लोंबकळून परत वर येतो. उडीचा जोर मागच्या पायांत दाबाने शिरणाऱ्या द्रवातून येतो. शिकारीसाठी जाळं तो विणत नाही. रेशमाची लहानशी पिशवी करतो ती झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला.

जवळून बघशील तेव्हा समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांवर लक्ष ठेव. क्षणात काळेभोर, क्षणात फिकट दिसतात. बाहेरचं भिंग स्थिर असतं, आतला पडदा मात्र हलतो. तो पडदा थेट तुझ्याकडे रोखला गेला की डोळा काळा दिसतो. मला हे बघण्याचा कंटाळा आजवर आलेला नाही.

संध्याकाळी घरात ट्यूबलाइटजवळ किडे टिपणारा कोळी दिसला, तर प्लेक्सिपस या उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्याच दुसऱ्या गटाचा विचार कर. प्लेक्सिपस पायकुलीचा नर काळा, डोक्यापासून पोटापर्यंत मधोमध पांढरा पट्टा, मादी तपकिरी. पण त्याचा भाऊबंद प्लेक्सिपस पीटर्सीही भारतात आहे, आणि माद्यांचे नुसते फोटो बघून त्या दोघांत निवाडा करायला मी धजावत नाही. पक्की ओळख नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकांवरून आणि मादीच्या पोटाखालच्या जननभागावरून होते, तीही सूक्ष्मदर्शकाखाली. म्हणून वहीत ‘प्लेक्सिपस, जाती अनिश्चित’ अशी नोंद बिनधास्त कर. मीही तसंच लिहितो.

एक मात्र नक्की शोध. आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या बघशील, तेव्हा त्यांतली एखादी पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवतेय का, ते बघ. पाय मोज. आठ भरले तर तो मुंगीचं सोंग घेणारा कोळी, मिरमाप्लाटा प्लाटालिऑइडिस, असण्याची शक्यता मोठी. नराचे जबडे इतके लांब असतात की मुंगी तोंडात दुसरी मुंगी घेऊन चाललीय असं वाटतं. मुंग्या कडकडून चावतात, फांदीला हात लावू नकोस.

पुढच्या वेळी प्रत्येक कोळ्याचे तीन फोटो पाठव: वरून, समोरून आणि बाजूने. शेजारी मोजपट्टी असू दे. वेळ, भिंत की झाड, ऊन की सावली, आणि तो काय करत होता, एवढं खाली लिही. नराच्या तोंडाजवळचे ते दोन अवयव समोरच्या फोटोत स्पष्ट आले, तर निम्मं काम तिथेच होईल. आणि त्या भिंतीच्या फटी तपासून बघ, मेनेमेरसची मादी अशाच ठिकाणी अंडी घालून राखत बसते. ती सापडली तर पिशवी फाडू नकोस, लांबूनच फोटो घे.

तुझा,
काका