बॉयलरसाठी पितळ नको, भाऊ

जळगावच्या भंगारातून आणलेली तुझी पितळी नळी पाहिली. चकचकीत आहे, पण तुझ्या छोट्या वाफेच्या बॉयलरला वापरू नकोस. गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं. वरून धातू धड दिसतो, आतून ठिसूळ झालेला असतो. माझ्या पहिल्या बॉयलरचा पितळी बुश (झडप किंवा गेज बसवायचं आट्यांचं कडं) पाना लावताच बिस्किटासारखा तुटला, आतून गुलाबी पडलेला. तेव्हापासून कवच आणि टोप्या (दोन्ही टोकांची झाकणं) तांब्याच्या, बुश गनमेटलचे, म्हणजे मुख्यतः तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे.

सांधे जोडायला कथलाचा डाख (सोल्डर) तर अजिबात नको. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळू लागतो आणि ३ बार दाबाची वाफच सुमारे १४४ अंशांवर असते. पाणी संपलं की धातू त्याहून खूप तापतो आणि सांधा गेलाच. चांदीचा डाख ६०० अंशांच्या पुढे वितळतो, तो लाव. दुकानात कॅडमियम नसलेलाच माग, कॅडमियमचा धूर विषारी असतो. तापवल्यावर तांबं मऊ पडतं, म्हणून सपाट टोप्यांना आतून आधाराच्या सळ्या हव्यातच.

पहिली वाफ धरण्याआधी बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भर, हवा पूर्ण काढ आणि हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब दे. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा कच्चा असला तर स्फोट न होता पाणी गळतं. त्या दिवशी मला बोलाव, धुळ्याहून माझा दाब मोजायचा गेज घेऊन येतो.