तुझा सिनॉप्सिस वाचला, आता गलाईवाल्यांबद्दल बोलू

अगं, तुझा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, परवा रात्री वाचला आणि खरं सांगते, पहिली चार पानं वाचताना मला झोप आली, राग मानू नको. 'कुशल स्थलांतर, श्रमगतिशीलता आणि ग्रामीण विकास' असं भारदस्त नाव, मग रेव्हनस्टीनचे १८८५ चे नियम, मग लुईस १९५४, मग हॅरिस-टोडारो १९७०, स्थलांतराचे सिद्धांत मांडणारे हे सगळे अभ्यासक पंगतीला बसल्यासारखे ओळीने बसलेत आणि वाढायला कुणीच नाही. पाचव्या पानावर कुठेतरी एक ओळ आली, 'खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक', आणि मी उठून बसले. आपल्या सांगली जिल्ह्यातली, गावोगावच्या सराफ बाजारात जाऊन जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारी माणसं. हा तुझा विषय आहे, तो पाचव्या पानावर काय करतोय?

आधी माझीच एक फजिती सांगते म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सर्व्हेसाठी मी दक्षिणेतल्या एका शहरात गेले होते, सराफ कट्ट्यामागे एक अरुंद जिना, वर दहा बाय दहाची खोली, भट्टी, धूर, आणि मालक आपल्या विट्याकडचे. माझ्या फॉर्मवर दोन रकाने होते, शिक्षण आणि कौशल्याचा कोड. त्यांनी आठवी सांगितलं, मी कोड टाकला 'अकुशल'. तेवढ्यात एक कारागीर जुनी बांगडी घेऊन आला, यांनी ती कसोटीच्या दगडावर घासली, उजेडाकडे धरून बघितलं आणि टंच, म्हणजे सोनं किती शुद्ध ते, सांगून टाकला, आणि नंतर माल गाळून बघितला तर त्यांच्या आकड्यात आणि खऱ्या आकड्यात फरक काढायलाच जागा नव्हती. मी थक्क होऊन बघत बसले आणि ते माझ्या मांडीवरचा फॉर्म वाचत होते, मराठीच होता ना तो. म्हणाले, "मॅडम, हे अकुशल म्हणजे काय असतं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण आपल्याकडचं व्यवसायांचं वर्गीकरण, एनसीओ, त्यात कौशल्याची पातळी मुख्यतः किती वर्षं शाळा-कॉलेज केलं यावर बांधलेली आहे, म्हणजे अमेरिकेत कोडिंग करणारा पुण्याचा पोरगा कुशल स्थलांतरित आणि सोन्याचा कस डोळ्यांनी सांगणारा माणूस नुसता मजूर. तू पण पान सहावर हीच व्याख्या जशीच्या तशी उचललीयेस. ती ठेवलीस तर तुझ्या प्रबंधातून तुझीच माणसं गळून पडतील.

तेव्हा पहिलं काम, काम बघ. मुलाखत नंतर घे, आधी एक अख्खा दिवस भट्टीजवळ बसून राहा. जुन्या सोन्यात चांदी घालून मुशीत वितळवतात, मग ते पाण्यात ओतून दाणे करतात किंवा पातळ पत्रा करतात, मग नायट्रिकमध्ये उकळतात, तपकिरी-लाल धूर निघतो (खिडकीजवळ बस, माझं ऐक), चांदी-तांबं ॲसिडमध्ये विरघळून जातं आणि तळाला कॉफी पावडरीसारखा गाळ राहतो, ते सोनं. धुवायचं, सवागी (बोरॅक्स) टाकून परत वितळवायचं. ॲसिडच्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली की चांदी परत खाली बसते, म्हणजे काहीच वाया जात नाही. सोनाराच्या दुकानातला केर सुद्धा जाळून, कुटून, धुवून त्यातून सोनं काढतात. आता मला सांग, हे शिकवणारं आयटीआय कुठे आहे? कुठेच नाही. चुलता नाहीतर मामा पोराला घेऊन जातो, पहिले काही महिने चहा आणणं, झाडणं, मग धुणं, मग भट्टी, आणि टंच ओळखणं सगळ्यात शेवटी, कारण तोवर पोरगं विश्वासाचं ठरलेलं असतं. इथे कॉलेज म्हणजे भावकी. त्यामुळे कुठल्या घरातलं पोरगं कधीच नेलं गेलं नाही, कुठल्या जातीतलं, कुठल्या वस्तीवरचं, हे सुद्धा विचार, गेलेल्यांची यादी करून थांबू नको.

आता मोजणीचं. जनगणनेत कुटुंब म्हणजे एका चुलीवरचं खाणारी माणसं. बरं, मग वीस वर्षं कोईमतूरला असलेला माणूस, ज्याची बायको-पोरं तिकडे, आई गावात, मतदान गावात, घरावर नाव त्याचं, तो कुणाच्या चुलीवरचा? गावात सर्व्हे केलास तर म्हणतील तो इथे राहत नाही, तिकडे केलास तर म्हणेल मी आटपाडीचा. दोन्हीकडून निसटतो. आणि २०११ च्या जनगणनेत जे पंचेचाळीस कोटींवर स्थलांतरित दिसतात त्यात निम्म्याहून खूप जास्त बाया आहेत आणि बहुतेक जणींचं कारण लग्न, म्हणजे एवढा मोठा आकडा तुझ्या प्रश्नाला फारसा कामाचा नाही, तो सिनॉप्सिसच्या पहिल्या ओळीत टाकून उगाच धाक दाखवू नको. केरळात १९९८ पासून जे मायग्रेशन सर्व्हे होतायत ते मात्र नीट वाच, घरात कोण आहे यासोबत घरातून कोण गेलं आणि कोण परत आलं हे ते कसं विचारतात ते बघ. (गंमत बघ, केरळची माणसं गल्फला जातात, तो पैसा केरळच्या सराफ बाजारात येतो, आणि तिथलं सोनं गाळायला आमच्या माणदेशातली माणसं. यावर कुणीतरी आख्खा चॅप्टर लिहायला पाहिजे, तू नाही, तुझं आधीच जास्त झालंय.)

गावात तीन गोष्टी बघ ज्या कुठल्या वेबसाईटवर मिळणार नाहीत. एक, देवळातल्या देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या, नावापुढे कोचीन, सेलम, मदुराई, गुवाहाटी असं लिहिलेलं असतं, सगळ्यांचे फोटो काढ, साल टिपून ठेव, तुझा अर्धा नकाशा तिथेच तयार होतो. दोन, यात्रेच्या दिवशी गाड्यांच्या नंबरप्लेट, केरळच्या केएल आणि तमिळनाडूच्या टीएन मोजत बस, लोक हसतील, हसू दे. तीन, शाळेचं जनरल रजिस्टर. शाळा सोडल्याची तारीख आणि कारण त्यात असतं. हे तिसरं सगळ्यात मोलाचं, कारण जो तो तुला सांगणार की बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बाहेर पडलो, ती आता सगळ्यांचीच गोष्ट झालीये, आणि रजिस्टर उघडलं की काही घरांची तारीख त्याआधीची निघते, काहींची बरीच नंतरची. दुष्काळ खरा, पण वाट त्याआधी कुणीतरी पाडलेली होती. एका म्हातारीने मला सांगितलं होतं, "एक पोरगं पावसावर, एक दुकानावर." स्टार्क आणि ब्लूमनी १९८५ च्या पेपरात कुटुंब जोखीम कशी वाटून घेतं ते मांडलंय, तो पेपर जरूर दे, पण आधी म्हातारीचं वाक्य लिही.

आणि आता जिथे तू खरोखर अडकणार आहेस ते. 'रेमिटन्समुळे ग्रामीण विकास', म्हणजे बाहेर गेलेल्यांनी घरी धाडलेल्या पैशामुळे गाव सुधारतं, असं तू गृहीतच धरलंयस. गावात बंगले आहेत, डाळिंब आहे, द्राक्षं आहेत, सगळं दिसतं. पण मधल्या काळात टेंभूचं पाणी आलं ना! कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्याने उपसून या दुष्काळी तालुक्यांत आणलं, त्यासाठी आटपाडीला वर्षानुवर्षं पाणीपरिषदा झाल्या. मग डाळिंबाची बाग गलाईच्या पैशावर उभी राहिली की टेंभूच्या पाण्यावर? बहुधा दोन्हीवर, बोअर आणि ड्रिपचा पैसा तिकडून आणि पाणी इकडून, पण हे तुला वेगळं करून दाखवावं लागेल. पाणी पोचलेलं एक गाव आणि न पोचलेलं एक गाव घे, दोन्हीकडे गलाईवाले असतील असं, आणि तिसरं असं शोध जिथे पाणी आहे पण गलाईवाले नाहीत. याशिवाय व्हायव्हात, प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, कुणीतरी तुला पाच मिनिटांत आडवं करेल, मी असले तर मीच करेन.

शिवाय परत येतो तो पैसाच असतो असं नाही. १९८२ चा मुंबईचा गिरणी संप झाला, कामगार खानापूर तालुक्यात गावाकडे आले, इकडे दुष्काळ, आणि युनियनमध्ये शिकलेली ही माणसं दुष्काळाच्या प्रश्नावर संघटना बांधायला लागली, मुक्ती संघर्ष चळवळ. त्यातूनच पुढे येरळा नदीवर बळवडी-तांदुळवाडीचं बळीराजा धरण लोकांनी उभं केलं, नदीतली वाळू विकून पैसा उभा केला, आणि भूमिहीनांना पण पाण्यात वाटा असा आग्रह धरला. ही गिरणीतून आलेली अक्कल कुठल्या रेमिटन्सच्या रकान्यात टाकशील? याच तालुक्यातल्या दोन वेगळ्या वाटा आहेत या, एक गिरणीची एक गलाईची, आणि दोघांनी गावात परत काय आणलं याची तुलना मला तरी कुठे वाचल्याचं आठवत नाही.

सोन्याचे आकडे विचारू नको. हा धंदा गोल्ड कंट्रोल ॲक्टमधून, म्हणजे सोनं बाळगण्या-विकण्यावर निर्बंध घालणाऱ्या कायद्यातून, गेलाय, १९६८ ते १९९०, जुन्यांना ती धास्ती अजून आहे, आणि नव्यांना चोरीचं सोनं घेतल्याच्या कलमाची, ४११ म्हणून बघ, आयपीसी गेली तरी लोक अजून ४११ च म्हणतात. वही काढलीस की गप्प होतात. घर कधी बांधलं, बोअर कितव्या फुटाला लागलं, बहिणीचं लग्न कुठल्या साली झालं हे विचार, खर्चातून सगळं कळतं. आणि दुपारी बायकांशी बोल, नवरा दुकानात असताना. परभाषेतल्या गावात पहिलं वर्ष भाजी कशी आणली, पोरांचा अभ्यास कुणी घेतला, सोनं धुतलेलं ॲसिडचं पाणी घरात आलं की काय होतं, खोकला कधी सुरू झाला. पुरुषांनी मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं.

एक राहिलं. तुझे वडील सेलमला भट्टी चालवतात हे तू सिनॉप्सिसमध्ये कुठेच लिहिलेलं नाहीस. मला ते तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. लाज वाटली की ऑब्जेक्टिव्ह दिसायचं होतं, माहीत नाही, पण ते पहिल्या पानावर यायला पाहिजे, कारण तुला जी दारं उघडतील ती त्यांच्या नावाने उघडतील आणि जी बंद होतील ती पण. काही लोक तुझ्याशी बोलणार नाहीत, धंद्यातली जुनी भांडणं असतात. ते पण लिही.

चॅप्टर दोन आत्ता पाठवू नको. यात्रा चैत्रात आहे, त्याआधी शाळेचं काम उरकून घे, एकदा परीक्षा सुरू झाल्या की क्लार्क कपाटाची किल्ली देत नाहीत. रजिस्टर बघायला मुख्याध्यापकांना अर्ज लागतो, मसुदा सोबत जोडलाय, तारीख टाकायची राहिलीये ती तू टाक आणि खाली विभागाचा शिक्का घ्यायला विसरू नको.