वाचक विचारतात : विमान कंपनीचा खर्च वर्षागणिक का बदलतो?

प्रश्न : एका विमान कंपनीचे शेअर घेऊन ठेवले आहेत. यंदा तिचा एकूण खर्च बराच वाढलेला दिसतो. यात महागाई किती आणि ढिसाळपणा किती, हे घरबसल्या कसे ओळखावे?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : एकूण खर्चाचा आकडा आधी बाजूला ठेवा. विमाने वाढली की तो वाढणारच. खर्चाला भागायचे ते उपलब्ध आसन-किलोमीटरने, म्हणजे आसने गुणिले अंतर. आसन भरले की रिकामे गेले, हे इथे पाहत नाहीत. १८० आसनांचे विमान इंदूरहून मुंबईला गेले, अंतर ५०० किलोमीटर धरले, तर एका फेरीचे ९०,००० आसन-किलोमीटर झाले. कंपन्या तिमाही निकालांबरोबर हा आकडा देतात.

मग इंधन वेगळे काढा. समजा, इंधनाचे बिल १०० कोटींवरून १२६ कोटींवर गेले आणि आसन-किलोमीटर २० टक्के वाढले. १.२६ भागिले १.२० म्हणजे १.०५, दर आसन-किलोमीटरमागे वाढ फक्त ५ टक्के. त्या वर्षी एटीएफचा, म्हणजे विमानाच्या इंधनाचा, सरासरी भाव ८ टक्के चढला असेल, तर १.०५ भागिले १.०८ म्हणजे ०.९७. भाव चढूनही कंपनीने दर आसन-किलोमीटरमागे जवळपास ३ टक्के कमी इंधन जाळले, आणि ते बहुधा नव्या विमानांमुळे. एअरबसच्या नव्या ए३२०निओ विमानाला जुन्या ए३२०पेक्षा साधारण १५ टक्के इंधन कमी लागते. तेल कंपन्या एटीएफचा भाव दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात, तेव्हा सरासरीला बाराही महिन्यांचे भाव घ्या.

खरी गफलत होते ती भाडेपट्ट्याच्या हिशेबात. आपल्याकडची बहुतेक विमाने भाड्याची. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ हा लेखा-नियम लागू झाला आणि 'विमानभाडे' या ओळीतला बहुतेक खर्च घसारा आणि व्याज या दोन ओळींत गेला. २०१८-१९ आणि २०१९-२० शेजारी ठेवून 'भाडे किती कमी केले!' म्हणणारे पुष्कळ भेटतील. तिन्ही ओळींची बेरीज करूनच तुलना करा.

त्यात भाडेपट्ट्याची ही देणी डॉलरमध्ये. मार्च २०१९ अखेर डॉलर सुमारे ६९ रुपये होता, मार्च २०२० अखेर सुमारे ७५. १० कोटी डॉलरचे देणे असेल तर एक पैसाही न देता पुस्तकात ६० कोटींचा तोटा चढतो. कामगिरी जोखताना हा तोटा वगळा, पण विसरू नका: पुढचा प्रत्येक हप्ता खरोखरच महाग पडणार असतो.

२०२०-२१ तर तुलनेला घेऊच नका. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद होती, नंतरही मर्यादित. भाडे चालू, पगार कापले तरी चालू, भागायला आसन-किलोमीटरच नाहीत. त्याच्याशी ताडले तर पुढच्या वर्षी कोणतीही कंपनी हुशार दिसते.

प्रश्न : मध्य प्रदेशाने इंदूरला एटीएफवरचा व्हॅट २५ वरून ४ टक्क्यांवर आणला. मग मुंबईचे तिकीट का उतरले नाही?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : हिशेब करून पाहू. व्हॅटआधीचा भाव हजार लिटरला ८०,००० रुपये आणि फेरीला ३,००० लिटर इंधन धरा. २१ टक्क्यांचा फरक ५०,४०० रुपये, १८० आसनांवर वाटला तर आसनामागे २८० रुपये. तोही जातानाचा. परतीचे इंधन मुंबईत घेतले तर तिथला कर. म्हणून स्वस्त ठिकाणी परतीचेही भरून नेतात, पण फुकट काहीच नाही: जादा नेलेल्या इंधनापैकी तासाला ३-४ टक्के ते वाहून नेण्यातच जळते.

शिवाय तिकिटाचा भाव मागणी ठरवते. दिवाळीच्या तोंडावर २८० रुपये कुठे गेले, ते दिसणारही नाही. आणि मुंबईचा पल्ला आखूड. उड्डाण आणि चढाई यांत इंधन जास्त जाते, विमानतळावर उतरण्याचे शुल्क विमानाच्या वजनावर लागते, मग पल्ला ५०० किलोमीटरचा असो की १,५०० चा. म्हणून एखाद्या वर्षी कंपनीने लहान शहरांच्या फेऱ्या वाढवल्या, तर काहीही महाग न होता तिचा दर आसन-किलोमीटरचा खर्च चढतो. सरासरी पल्ला बदलला का, हे आधी बघा.

प्रश्न : विमाने नवी असताना देखभालीचा खर्च का वाढतो?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : पहिली काही वर्षे वॉरंटी असते आणि मोठी कामे निघत नाहीत. साधारण ६ आणि १२ वर्षांच्या टप्प्यावर सांगाड्याची जड तपासणी येते. भाडेपट्टा संपताना विमान करारात ठरलेल्या स्थितीत परत द्यावे लागते. इंजिनाचे मोठे काम बहुधा तेव्हाच अंगावर येते. विमाने एकदम घेतली असतील तर बिलेही एकदम येतात.

इंजिन बिघडले तर गणितच बदलते. प्रॅट अँड व्हिटनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनांतला धातूच्या भुकटीचा दोष जुलै २०२३ मध्ये जाहीर झाला आणि तपासणीसाठी विमाने उभी राहिली. उभ्या विमानाचे भाडे थांबत नाही, आसन-किलोमीटर मात्र थांबतात. त्या जागी वैमानिकांसह थोड्या मुदतीवर घेतलेले विमान महाग पडते, आणि हा खर्च देखभालीच्या ओळीत सापडत नाही. तो भाड्याच्या ओळीत शोधा.