आमच्या बदकांमधला एक नर बाकीच्यांना सारखा चावतो, त्याला देऊन टाकावं का?

लगेच देऊन टाकू नका हो. तुम्ही लिहिलंय की चार बदकं आहेत, दोन नर दोन माद्या, पिल्लं असल्यापासून एकत्र वाढलेली, आणि आता मोठा नर धाकट्याला पळवून लावतो आणि एका मादीच्या मानेची पिसं उपटून निघालीयत. यात त्याच्या स्वभावाचा दोष फार कमी आहे, तुमच्याकडे नर जास्त झालेत एवढंच. एका नरामागे चार-पाच माद्या तरी लागतात, तुमच्याकडे एकामागे एकच, मग दिवसभर तीच ती बिचारी सापडते त्याला. आणि एकत्र वाढली म्हणून भांडणार नाहीत असं काही नसतं, वयात आले आणि दिवस मोठे व्हायला लागले की नरांच्या अंगात हार्मोन्स चढतात, कालपर्यंत चिकटून झोपणारे भाऊ एकमेकांना पाण्याच्या टबाजवळ फिरकू देत नाहीत.

माझ्याकडे अगदी हेच झालेलं. पाच पिल्लं आणली तेव्हा नर कोण मादी कोण काहीच कळत नव्हतं, दीड-दोन महिन्यांनी आवाज फुटले तर दोघीच मोठ्याने ओरडणाऱ्या निघाल्या, बाकी तिघांचा आवाज घसा बसल्यासारखा, म्हणजे नर, आणि पुढे शेपटीवर ते वर वळलेलं कुरळं पीस आलं तेव्हा खात्रीच झाली. मग त्या दोघींमधली एक, ढवळी, लंगडायला लागली. मला वाटलं पाय मुरगळला असेल कुठेतरी. एका संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन मानेवरची पिसं बोटांनी बाजूला केली, वरून सगळं नीट दिसत होतं आणि खाली अंगठ्याच्या नखाएवढी कातडी उघडी पडलेली, कडेची पिसं सुकलेल्या रक्ताने चिकटलेली. रोज खायला घालताना बघत होते मी तिला, तरी दिसलं नव्हतं, फार वाईट वाटलं. म्हणून आधी तुमच्या दोघी माद्यांची मान, डोक्याची मागची बाजू आणि पाठ अशी पिसं बाजूला करून बघा.

थोडं पळवणं, एखादी चोच मारणं, मान खालीवर करत एकमेकांसमोर नाचणं हे चालायचंच, त्यात पडू नका. पण रक्त आलं, मादी लंगडायला लागली, किंवा कोणी कोणाला खाऊच देत नाही असं झालं तर त्याच दिवशी वेगळं करायचं. टबाकडे खास लक्ष ठेवा, नर मादीवर चढताना तिची मान चोचीत धरतो, आणि पाण्यात दोन नर एकदम चढले तर तिचं डोकं पाण्याखालीच राहतं, बदकसुद्धा बुडून मरू शकतं.

वेगळं करायचं म्हणजे एकट्या नराला कुठेतरी लांब कोंडायचं नाही, बदक एकटं पडलं की झुरतं. मधे जाळी लावा, एका बाजूला दोघी माद्या आणि दुसऱ्या बाजूला दोघं नर, म्हणजे दिसतात पण आणि ऐकू पण येतात. जाळीची भोकं डोकं अडकणार नाही इतकी बारीक हवीत. माद्या मधे नसल्या की नर बऱ्याचदा आपापसात निवळतात. माझे तिघं पहिले तीन-चार दिवस जाळीच्या कडेने नुसते येरझाऱ्या घालत होते, आठवड्याभरात एकाच कोपऱ्यात झोपायला लागले. तुमच्या धाकट्याला तरीही मार बसत असेल तर त्या दोघांत पण जाळी. खाण्यापाण्याची भांडी दोन ठेवा, आणि एवढी लांब की मोठ्याला एका जागी उभं राहून दोन्ही राखता येऊ नयेत.

जखम सलाईनने धुवून कोरडी ठेवा, भरेपर्यंत पोहायला नको, प्यायला मात्र चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल असं खोल भांडं लागतंच. माशा बसू देऊ नका, अळ्या पडतात. जखम खोल असेल किंवा पाय टेकवतच नसेल तर पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, घरी प्रयोग नकोत.

माद्या वाढवायच्या असतील तर मोठ्याच आणा, आणि आठवडा-दोन आठवडे जाळीपलीकडे ठेवून मग सोडा. घरचीच अंडी उबवायला ठेवू म्हणाल तर २८ दिवसांनी जी पिल्लं निघतील त्यात साधारण निम्मे परत नरच. आणि कोंबड्या असतील तर त्यांच्यात नर अजिबात सोडू नका, कोंबडीला आतून गंभीर इजा होते. देऊनच टाकायची वेळ आली तर जिथे भरपूर माद्या आहेत किंवा नुसत्या नरांचा कळप आहे अशाच ठिकाणी द्या.

मानेच्या पिसांची काळजी करू नका, मुळासकट उपटलेली काही आठवड्यांत परत येतात, अर्धवट तुटलेली मात्र पुढच्या पिसं झडण्यापर्यंत तशीच राहतात. ढवळीची मान आता पूर्ण भरलीय, नर मात्र दिवस मोठे व्हायला लागले की मी दर वर्षी जाळीपलीकडेच ठेवते.